कोपरा फाडलेलं कार्ड

त्या माणसाने आधी माझ्या आईला शिवी दिली आणि मग तो रडायला बसला.

आम्ही मयताचा सांगावा घेऊन कोळवणला गेलो होतो. आमच्या गावच्या पाटलाची चुलती वारली होती आणि तिचं माहेर कोळवणात. माहेरच्या माणसांना कळवायचं काम आमचं. वरच्या आळीत कुणी मेलं की त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना गावोगाव पायी जाऊन सांगायचं, ते महारवाड्याने. घरांना पाळी लावलेली असायची. माझा बाप गेला तशी आमच्या घरची पाळी आईवर आली. मी लहान होतो. मला घरी एकटं ठेवायला ती धजायची नाही, म्हणून तिच्या मागे मागे मी खाचरांच्या बांधावरून चालत गेलो.

अंगणाबाहेर उभी राहून आईने हाळी दिली. "म्हातारी गेली वोऽ. मातीला चला."

आतून एक माणूस आला. अंगात बंडी, हातात तांब्या. "कुणाचं मढं घेऊन आलीस गं रांडे, सकाळच्या पारी?"

आईने पुन्हा सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. मग तो माणूस तिथेच पायरीवर बसला आणि रडायला लागला. आत बायकांचा आकांत सुरू झाला. आम्ही उन्हात उभे. मला तहान लागली होती. आईने पाणी मागितलं नाही, आणि मी मागू नये म्हणून माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. शेवटी एक पोरसवदा गडी बाहेर आला आणि म्हणाला, "सांगितलं न्हवं? मग निघा की." आम्ही निघालो.

वाटेत मी विचारलं, "आये, म्हातारीला तू मारलंस?"

"गप चाल," आई म्हणाली.

मला खरंच तसं वाटलं होतं. शिव्या आईला बसल्या म्हणजे गुन्हा आईचा असणार. तेव्हापासून कुणी मेल्याची बातमी गावात आली की मी आईचा पदर धरून बसायचो. मेलेल्या माणसाची भीती नव्हे. आता आईला कुठल्या तरी दारात उभं राहून शिव्या खायला जावं लागणार, याची भीती.

पुढे मी चौथीपर्यंत शिकलो. दाराबाहेर बसून शिकलो, पण शिकलो. मग वस्तीने दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले. वतनं कायद्याने गेली असं सांगत तालुक्याच्या पौडाहून माणसं आली. आम्ही मेलेली गुरं ओढायचं सोडलं, लाकडं फोडायचं सोडलं. वस्तीतल्या माणसांच्या पाठी थोड्या ताठ झाल्या. सांगावा मात्र सुटला नाही. गुराला नाही म्हणता येतं, माणसाच्या मयताला नाही कसं म्हणायचं, असं म्हातारी माणसं म्हणायची. मेलेल्यावर राग धरू नये, असं त्यांचं मन. आणि वरच्या आळीला आमचं हे मन बरोबर ठाऊक होतं.

चीनची लढाई झाली आणि भरतीचा धडाका सुरू झाला. मी पुण्याला जाऊन रांगेत उभा राहिलो. छाती मोजली, पळायला लावलं, डोळे तपासले. पुढे बोलावण्याचं पत्र गावाला आलं.

इथे टपालाचं सांगायला हवं. पौडचा टपालवाला अधूनमधून यायचा आणि सगळ्या गावाची पत्रं पाटलाच्या ओसरीवर ठेवून जायचा. ओढा ओलांडून आमच्या वस्तीत तो कधी आला नाही. आमच्यातल्या कुणाचं पत्र असलं की पाटलाचा पुतण्या बापूराव निरोप धाडायचा. बापूराव मॅट्रिकपर्यंत गेलेला, पुण्यात राहून आलेला, केसांना तेल लावून भांग पाडणारा. आम्ही खाली अंगणात उभं राहायचं. तो वर ओसरीवर बसून, चार माणसं पान खात बसलेली असतील त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचायचा. वाचून झालं की पत्र ओसरीच्या कडेवरून खाली सोडायचा. ते उचलून आणायचं.

माझं बोलावणं त्याने असंच वाचलं. मला वाचता येतं हे त्याला माहीत होतं, तरी त्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "ह्यो बंदूक धरनार! ह्याच्या हाताला मढ्याचा निरोप धरायची सवय हाय." सगळे हसले. पाटीलही हसले. आई पदर तोंडाला लावून उभी होती. मी पत्र उचललं आणि मातीने भरलेलं ते पत्र सदऱ्याला पुसलं.

वस्तीत वाचता येणारा मी एकटा होतो. मी गेल्यावर आईला वाचून दाखवणारा बापूराव आणि तिचं उत्तर लिहिणाराही बापूराव. हे मला रेल्वेत बसल्यावर कळलं. गाडी सुटली होती. उतरून काही करता येण्यासारखं नव्हतं.

ट्रेनिंग सेंटर लांब मुलखात होतं. तिथल्या भाषेपासून उन्हापर्यंत सगळं परकं. डोकं तासून काढलं, बूट दिले, ते पायाला चावले. आमचा उस्ताद उत्तरेकडचा हवालदार होता. आवाज असा की पोटातलं पाणी हलावं. तो कुणाची जात विचारत नव्हता, सगळ्यांना सारखाच रगडायचा. हे मला आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण भीती वाटायची ती वाटायचीच. चुकलं की रायफल डोक्यावर धरून पळायचं. पुन्हा चुकलं की कोपरांवर सरपटायचं. काही रंगरूट, म्हणजे नवे शिपाई, पळून जायचे. पकडून आणले की त्यांचं काय व्हायचं ते आम्हाला मुद्दाम दाखवायचे.

डाक यायची तेव्हा सगळ्यांना मैदानात उभं करायचे. उस्ताद नाव पुकारायचा. ज्याचं पत्र त्याने धावत पुढे जायचं. मग उस्ताद म्हणायचा, "मुँह में दबा, और भाग!" पत्र दातांत धरून मैदानाला चक्कर मारायची. लाळेने अक्षरं फिसकटायची. काही पोरं हसत पळायची. मी घाबरून पळायचो, कारण माझ्याकडे येणारं प्रत्येक अक्षर मला जपून ठेवायचं होतं.

तसं ते अक्षर आईचं नसायचंच. "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. पाटील घराण्याच्या कृपेने दिवस सुखाचे जात आहेत." माझी आई जन्मात असं बोलली नव्हती. ती "लेका, खाल्लंस का" म्हणायची. मी कार्ड उलटसुलट करून तिचा एखादा शब्द शोधायचो. एखादा तरी चुकून आला असेल, बापूरावाच्या हातातून निसटला असेल, असं वाटायचं. कधीच निसटला नाही.

आमचं पत्रही इथे उघडंच द्यावं लागायचं. लढाई नुकतीच होऊन गेली होती. कुठे आहोत, काय शिकतो, काही लिहायची परवानगी नव्हती. वर कुणीतरी वाचायचं आणि मग पत्र पुढे जायचं. गावात गेल्यावर ते ओसरीवर वाचलं जायचं. म्हणजे आईशी बोलायचं तर दोन परक्या तोंडांतून. मी काय लिहिणार? बरा आहे. खातो पितो. काळजी करू नको. मला रात्रंदिवस भीती वाटते, हे मी कधी लिहिलं नाही.

एका कार्डात बापूरावाने स्वतःच्या नावाने लिहिलं. "पत्राच्या आरंभी काकांस नमस्कार लिहीत जावा. पत्र आमच्या घरी येते याचे भान असावे." त्यानंतर मी प्रत्येक पत्रात आधी पाटलांच्या चरणी नमस्कार लिहिला आणि मग आईला. न लिहून काय करणार? पत्र तिच्यापर्यंत पोचू द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर नगरकडचा किसन होता, मेंढपाळाचा पोरगा. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याची पत्रं मी लिहायचो. तो मला म्हणाला, "पत्र कुणाला लिवतोस रं, आईला का पाटलाला?" मी त्याच्यावर चिडलो. रागवायला दुसरं कुणी जवळ नव्हतं.

मग ते कार्ड आलं. अक्षर बापूरावाचं. "गेल्या आठवड्यात गावात मयत झाले. तुझ्या आईचा पाय मुरगळून सुजला होता. तरीही ती भरे गावापर्यंत सांगावा देऊन आली. निष्ठा म्हणजे काय हे तिच्याकडून शिकावे."

मी ते कार्ड हातात धरून खाटेवर बसलो. कोळवणच्या अंगणातली शिवी कानात आली. सुजलेला पाय ओढत ती चालली असेल. कुणाच्या तरी अंगणाबाहेर उभी राहून तिने हाळी दिली असेल. तिथेही कुणी तिला बस म्हटलं नसेल. आणि हे लिहिणारा माणूस तिचं कौतुक करत होता. मला मारलं असतं तर बरं, असं ते कौतुक होतं.

सकाळच्या कवायतीत उस्ताद आमच्या हनुवटीखाली काठी लावायचा. "गर्दन ऊपर. नज़र सामने." मान खाली गेली की काठी टोचायची. दिवसभर मी मान वर धरायला शिकत होतो आणि संध्याकाळी पाटलांच्या चरणी नमस्कार लिहीत होतो. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. लाज वाटली. लाजेपेक्षा राग मोठा होता.

मी पत्र लिहिलं. नमस्कार लिहिला नाही.

"आई, आजपासून तू कुणाच्याही मयताचा सांगावा न्यायचा नाहीस. हे काम कायद्याने गेलेलं आहे. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. पाय शेक." आणि खाली लिहिलं, "हे पत्र जो तुला वाचून दाखवेल त्याने ते दोनदा वाचावं, म्हणजे तुला नीट समजेल."

मला ठाऊक होतं ते बापूरावाच्या तोंडून बाहेर पडणार आहे. म्हणूनच लिहिलं. वस्तीतला कुणी हे ओसरीसमोर बोलू शकत नव्हता. बापूराव स्वतः मोठ्याने वाचेल, आपल्या काकांसमोर वाचेल आणि मगच त्याला कळेल की आपण काय वाचलं. लिहिताना मला मजा वाटली. पत्र देऊन टाकलं आणि मजा संपली. खाली अंगणात तर आई उभी असणार. मी इथे रायफलींच्या मध्ये सुरक्षित आणि ती तिथे एकटी. हे काय करून बसलो, असं वाटून मी पत्र परत मागायला धावलो. डाक गेली होती.

त्यानंतर बरेच दिवस काही आलं नाही. डाक पुकारताना मी कान टवकारून उभा. माझं नाव नाही. चांदमारीला गोळी निशाणाच्या आसपासही जाईना. उस्तादाने दोनदा कोपरांवर सरपटवलं. पाय शेकत असेल की तिला गावाबाहेर काढलं असेल? काय झालं असेल? विचारायचं कुणाला? विचारायचं तर पुन्हा बापूरावालाच.

आणि एके दिवशी माझं नाव पुकारलं.

मी धावत गेलो. उस्तादाच्या हातात पोस्टकार्ड होतं. तो दातात धर म्हणाला नाही. ओरडला नाही. कार्ड माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "जा बेटा. बैरक में जा." त्याने मला बेटा म्हटलं तेव्हाच मी कार्डाकडे पाहिलं.

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडे मयताचं कार्ड असंच धाडतात. कोपरा फाडायचा, वर श्री लिहायचं नाही. असं कार्ड घरात आणत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. उस्तादाच्या मुलखातही तसंच असावं, त्याशिवाय त्याचा आवाज उतरला नसता.

मजकूर एवढाच होता. "ताबडतोब निघून यावे. बाकी आल्यावर समजेल." कोण गेलं ते लिहिलं नव्हतं. पण मला दुसरं होतं कोण?

मी नळाजवळ बसलो. किती वेळ बसलो ठाऊक नाही. किसन आला. त्याने कार्डाचा फाडलेला कोपरा पाहिला. बादली भरून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "डोक्यावनं घे. मंग रड."

मी बादलीकडे बघत राहिलो. हात पुढे जाईना. ते पाणी अंगावर घेतलं की आई मेली, असं मला वाटत होतं. जोवर अंग कोरडं आहे तोवर ती आहे. मी कार्ड पुन्हा वाचलं. अक्षर बापूरावाचंच. आणि तिथे, बादलीपुढे बसून, मला एक गोष्ट सुचली. भीतीतच सुचली.

पाटलाच्या घरातलं कुणी आमच्या मयताचा सांगावा देणार कसं?

आम्ही त्यांचे सांगावे नेले. माझ्या बापाने नेले, आज्याने नेले, आईने सुजलेल्या पायाने नेला. पण वस्तीतलं कुणी मेलं तेव्हा वरच्या आळीतल्या एकानेही कधी कुणाला कळवलं नव्हतं. माझा बाप गेला तेव्हा मामाला सांगायला शेजारचा माणूस भऱ्याला गेला होता. आमच्या मरणाची बातमी आम्हीच न्यायची. ती नेणं म्हणजे त्यांना कमीपणा. आणि आता माझ्या आईसाठी पाटलाच्या पुतण्याने स्वतः कार्ड आणलं, स्वतः लिहिलं, स्वतः कोपरा फाडला? आई खरंच गेली असती तर मामा आला असता. तिकिटाविना आला असता, विचारत विचारत आला असता.

"मी आंघोळ करनार न्हाई," मी किसनला म्हणालो.

"येडा झालास का?"

"ती मेली न्हाई."

किसनने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच माझी भीती वाटली. खरंच वेड लागलं असेल तर? आई मेलेली असेल आणि मी कोरडा बसलो असेन तर?

उस्तादाने मला कंपनीच्या साहेबापुढे उभं केलं. साहेब मराठी होते, पुणेरी बोलणारे, पांढरे स्वच्छ हात. त्यांनी कार्ड दोन बोटांनी धरून पाहिलं.

"सुट्टी देतो. मात्र ही तुकडी तुझ्यासाठी थांबणार नाही. परत आलास तर नव्याने सुरुवात, तीही जागा असली तर. आधी गावच्या पाटलांकडून तारेने खात्री करून घेऊ."

"साहेब, पाटलाची खात्री नको."

"का?"

"कार्ड त्यांच्याच घरनं आलंय. ते खोटं हाय."

"मरणाचं कार्ड खोटं कशाला लिहील कुणी? आई गेली आणि तू इथे उभा राहून वाद घालतोयस? तुमच्यात सुतक वगैरे पाळत नाहीत का?"

तुमच्यात. उस्तादाने इतक्या महिन्यांत न विचारलेलं साहेबांनी एका शब्दात विचारून टाकलं. माझी मान खाली गेली. मग मीच ती वर केली. काठी नव्हती हनुवटीखाली.

"साहेब, आमच्यात मयताचा सांगावा आमीच देतो. तुमच्या मयताचा बी आमीच देतो. तुमच्यातलं कुणी आमचा देत न्हाई. म्हून ह्ये खोटं हाय."

साहेब लाल झाले. उस्ताद माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आता कोठडी, असं मला वाटलं. साहेब म्हणाले, "मामलेदार कचेरीत विचारलं तरी ते पाटलांनाच विचारणार. मग तुझी आई जिवंत आहे की नाही हे मी कुणाला विचारू?"

माझ्या आईचं असणं-नसणं सांगायचा अधिकार सरकारदरबारी एकाच घराला होता, आणि ते घर खोटं बोलत होतं.

"मी सुट्टी घेत न्हाई," मी म्हणालो.

तो दिवस आणि त्यापुढचे दिवस मी कसे काढले ते मला धड आठवत नाही. बराकीत माझ्याशी कुणी बोलेना. आई मेली तरी गेला नाही, दगड आहे, असं पोरं म्हणायची. किसनने त्याचं पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलं. मी बरोबर आहे हे मी स्वतःला सांगायचो, आणि पुढच्याच घटकेला तिची चिता दिसायची. तिला अग्नी कुणी दिला असेल? पळून जावं असं अनेकदा वाटलं. कुंपण कुठून ओलांडता येतं तेही बघून ठेवलं होतं. गेलो नाही एवढंच. धीर होता म्हणून नव्हे. गेलो आणि ती अंगणात उभी दिसली तर बापूराव हसेल, आणि मग मी जन्मभर त्या अंगणातच राहीन, ही भीती जास्त मोठी होती.

मग एक कार्ड आलं. चारी कोपरे शाबूत. अक्षर अनोळखी, बारीक, कचेरीतल्यासारखं.

"लेका, मी तुजी आई. मी जिती हाय. ह्यो पौडाच्या कचेरीम्होरं अर्ज लिवणारा हाय. त्याला म्हणलं, मी बोलते तसंच लिव. तुजी जुनी कार्डं पदरात बांधून आणली, त्यावरनं पत्ता घातला. बापूरावानं तुजं पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाच म्हणलं तर अंगावर आला. मग पाटलाची आई गेली. मला बोलावणं आलं. मी गेले न्हाई. वस्तीतलं कुणीच गेलं न्हाई. सांगायला मानूस न्हाई म्हून त्यांनी घरात बसून कार्डं लिवली, कोपरं फाडलं. त्यातलंच एक तुला धाडलं म्हून बापूराव हसून सांगत व्हता, पोरगं आता रडत पळत येतंय बघा. माज्या घराचं छप्पर वढलं त्यांनी. मी तुज्या मामाकडं हाय. पाय बरा हाय. मला लई भ्या वाटतं. पर मी गेले न्हाई. तू येऊ नको. आलास तर त्येंचं खरं हुईल. खाल्लंस का?"

मी तिथेच मैदानात रडलो. सगळ्यांसमोर, उस्तादासमोर, आवाज काढून रडलो. उस्तादाला मराठी येत नव्हतं. त्याने विचारलं, "कौन मरा?" मी म्हणालो, "कोई नहीं, उस्ताद. कोई नहीं मरा." तो पुढचं नाव पुकारायला लागला.

किसन येऊन शेजारी बसला. मी त्याला कार्ड वाचून दाखवलं. "मी गेले न्हाई" हे शब्द मी दोनदा वाचले. इतक्या महिन्यांनी माझी आई मला ऐकू आली होती. तिने दुसऱ्यांदा वाच म्हटलं होतं. माझी आई, जिने कोळवणात पाणी मागितलं नव्हतं.

त्या दुपारी मी एक कोरं पोस्टकार्ड घेतलं. या वेळी पत्ता आईचा नव्हता. पाटलांचा होता.

"माझी आई जिवंत आहे. तिचं छप्पर तुम्ही पाडलंत हे मला कळलं आहे. इथून पुढे माझं पत्र तुमच्या ओसरीवर येणार नाही. तुमच्या घरातल्या मयताचा सांगावा आमच्या घरातलं कुणी नेणार नाही. आज नाही, माझ्या पोराबाळांच्या वेळी नाही. तुमची माणसं मेली तर तुमची तुम्ही सांगा." खाली माझा नंबर घातला, माझं नाव घातलं.

किसन बघत होता. म्हणाला, "कोपरा फाड. त्येला बी कळू दे, पोटात कसं व्हतं त्ये."

माझी बोटं कोपऱ्यावर गेली होती. फाडायचं मनात आलं नव्हतं असं नाही. बापूरावाचा हसरा चेहरा पांढरा पडलेला मला दिसत होता. किती गोड वाटलं असतं. पण मग पुन्हा तेच झालं असतं. त्या घरात मरणाची बातमी घेऊन जाणारा, पुन्हा मीच.

"न्हाई," मी म्हणालो. "त्यांच्या दारात मढ्याचा निरोप न्ह्यायचं काम मी सोडलं. खोटा बी नेनार न्हाई."

मी कार्ड उघडं नेऊन दिलं. वर ते कुणीतरी वाचणार होतं. साहेब वाचतील, मला बोलावतील, कदाचित कोठडीही. पाटलाची माणसं भऱ्यापर्यंत जातील, मामाचंही छप्पर ओढतील. हे सगळं मला दिसत होतं. भीती कमी झाली, असं मी म्हणणार नाही. ती आजही कमी झालेली नाही. पण कार्ड परत मागायला मी धावलो नाही.